सईच्या शिक्षणाबद्दल दादास

लेस्टर, इंग्लंड

ती. दादास,
सा. नमस्कार, वि. वि.

सईला बी.ए.नंतर समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे हे ऐकून तू फोनवर म्हणालास, "समाजसेवा ही काय शिकायची गोष्ट आहे? निवृत्त झाल्यावर करावी." तेव्हा मी वाद घातला नाही, कारण आपल्या चौकातल्या फलकांवर हात जोडून उभे असलेले 'समाजसेवक' मीही लहानपणापासून पाहत आले आहे. पण ज्या कामाचा मी इथे पगार घेते, ते नेमके काय आहे हे घरी कधी नीट सांगितलेच नाही, ही चूक माझीच.

इंग्लंडमध्ये 'सोशल वर्कर' हे नाव २००५ पासून कायद्याने राखीव आहे. नोंदणी नसताना लोकांना फसवण्यासाठी ते लावले तर गुन्हा ठरतो. २०१९ पासून ही नोंदणी 'सोशल वर्क इंग्लंड' या संस्थेकडे आहे. ती दरवर्षी नूतनीकृत करावी लागते आणि वर्षभरात आपण काय नवे शिकलो तेही लिहून द्यावे लागते. माझी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, तिथे ग्राह्य धरली जावी म्हणून अभ्यासक्रमाचा तपशील आणि क्षेत्रकार्याचे, म्हणजे शिकताना प्रत्यक्ष लोकांत जाऊन केलेल्या कामाचे, तास दाखवणारी कागदपत्रे लागली होती. त्यासाठी महाविद्यालयात खेटे तूच घातलेस. कशासाठी, ते मात्र विचारले नाहीस.

मी नगर परिषदेच्या बालसंरक्षण विभागात आहे. एखाद्या शिक्षिकेला मुलाच्या अंगावर वळ दिसतात, किंवा ते रोज उपाशी येते असे जाणवते, आणि ती आम्हाला कळवते. मुलाला गंभीर इजा होत असल्याची रास्त शंका असेल, तर १९८९ च्या बालक कायद्याच्या ४७ व्या कलमाखाली चौकशी करणे परिषदेला बंधनकारक असते. मग मी त्या घरी जाते. मूल कुठे झोपते ते पाहते, स्वयंपाकघरात खायला काय आहे ते पाहते, त्याच्याशी एकटीने बोलते आणि आईचेही ऐकते, कारण बहुतेक वेळा मारणारा हात थकलेला, कर्जात बुडालेला किंवा स्वतःच मार खाणारा असतो. धोका कायम आहे असे दिसले तर पोलीस व इतरांशी पहिली चर्चा झाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांच्या आत शाळा, दवाखाना, पोलीस आणि आईवडील यांना एकत्र बसवून बैठक होते आणि त्या मुलासाठी संरक्षणाची योजना ठरते. आईवडिलांच्या पाठीमागे ती ठरवणे योग्य मानले जात नाही. उरलेला वेळ, आणि तो कितीतरी जास्त असतो, संगणकापुढे नोंदी लिहिण्यात जातो. दारात कोणी शिव्या दिल्या तर तेवढे वाईट वाटत नाही, जेवढे रात्री अर्धवट राहिलेल्या नोंदीचे वाटते.

आपल्याकडे 'हे लोक मुले उचलून नेतात' अशी समजूत आहे, म्हणून सांगते की तो अधिकार मला नाहीच. तातडीच्या वेळी पोलीस मुलाला जास्तीत जास्त ७२ तास सुरक्षित जागी ठेवू शकतात. त्यापुढे न्यायालयाचा आदेश किंवा आईवडिलांची संमती लागते. न्यायाधीशांपुढे माझ्या नोंदीतले प्रत्येक वाक्य उलटसुलट तपासले जाते आणि तिथे निव्वळ कळवळा कामाला येत नाही. म्हणूनच हे शिकावे लागते. इथल्या पदवीतही विद्यार्थ्याला १७० दिवस प्रत्यक्ष कामावर काढावे लागतात.

सईने मात्र इंग्लंडवर डोळा ठेवून शिकू नये. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांची एमएसडब्ल्यू करता येते. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेपासून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांपर्यंत सोय आहे, पण प्रवेश घेण्याआधी तिने एकच गोष्ट विचारावी: क्षेत्रकार्य खरोखर करून घेतले जाते, की वहीवर सह्या होतात? माझा निम्मा अभ्यास तिथेच झाला. सरकारी रुग्णालयात जळून आलेल्या बायकांच्या नातेवाइकांसमोर कसे उभे राहायचे हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. पुढे नोकऱ्याही आहेत: रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक, बालगृहांशी संबंधित परिविक्षा अधिकारी, कुटुंब न्यायालयात समुपदेशक. मुंबईत पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ पासून चालतो, तो टाटा संस्थेनेच सुरू केला. पगार इंजिनिअरएवढा नाही आणि कंत्राटी जागा पुष्कळ, हे तिला आधीच सांगून ठेव. मी लपवणार नाही.

तिला रागावू नकोस. येत्या रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करते, तेव्हा तिला माझ्याशी एकटीने बोलू दे. तू बाजूला बसलास तर ती काही विचारणार नाही.

सौ. वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण