वरचा मजला अजून थोडे दिवस रिकामा राहील

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले असते तर आईचा आवाज ऐकून मी माघार घेतली असती, म्हणून लिहितेय. जूनमध्ये आम्ही वाईला राहायला येत नाही आहोत. बाबांनी एवढ्या हौसेनं वरचा मजला बांधून घेतला, मल्हारच्या उंचीला बेसिन बसवलं, आणि मी हे असं दोन ओळींत सांगून मोकळी होतेय. रागवा माझ्यावर, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

आई, डिसेंबरात गॅदरिंगच्या दिवशी मल्हारला ताप होता असं मी तुला सांगितलं होतं. ताप नव्हता गं. आदल्या संध्याकाळी शाळेतून फोन आला, ‘उद्या त्याला घरीच ठेवा, कार्यक्रम बिघडायला नको.’ तू शिवलेलं धोतर आणि बंडी मी इस्त्री करून हँगरला लावून ठेवली होती. सकाळी त्यानं हट्टानं ते सगळं घालायला लावलं आणि चपला हातात घेऊन उंबऱ्यात बसला. शाळेच्या बसचा हॉर्न तो बरोबर ओळखतो. बस गल्लीतून निघून गेली तरी अकरा वाजेपर्यंत तो तिथून हलला नाही. रडलाही नाही. त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोलले, कारण तू किती रात्री जागून काठ शिवलास ते मला माहीत होतं.

मग पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. तो मध्येच कान झाकून ओरडतो, आमच्या मुलांचं लक्ष उडतं. शेवटी आम्हाला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, ‘तुम्ही त्याच्यासाठी योग्य शाळा बघा.’ बाबा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी मान्यता असलेल्या शाळेला अशा कारणासाठी मूल नाकारता येत नाही. त्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत आपल्या मल्हारची स्वमग्नता, म्हणजे ऑटिझमही आहे. हे सगळं मला आता पाठ आहे. अजित भांडायलाही तयार होता. पण जिथे तो कुणालाच नकोय, तिथे भांडून ठेवलेल्या पोराला मायेनं कोण शिकवणार?

आता ज्या शाळेत घातलाय ती छोटी मराठी शाळा आहे, घरापासून दहा मिनिटांवर. पुन्हा पहिलीत बसवलाय. सात वर्षांचा आहे, एक वर्ष गेलं म्हणून काही बिघडत नाही. बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला वह्या वाटायचं काम दिलं. नावं अजून वाचता येत नाहीत, पण कुणाच्या वहीचा कोपरा दुमडलाय, कुणाच्या कव्हरवर तेलाचा डाग आहे, हे त्याला ठाऊक असतं. एकही वही चुकत नाही. आता मुलंच ‘मल्हार, माझी दे’ म्हणून हात पुढे करतात.

ते बघताना मला आपला बापू आठवला. बाबा, तीनदा चौथीत बसला, अख्खं गाव त्याला वेडा म्हणायचं, आणि तुम्ही त्याच्या हातात शाळेची घंटा दिलीत. एक मिनिट मागेपुढे झालं नाही कधी. पुढे त्याची शाळा सुटली, त्याची खंत तुम्ही अजून काढता. तेव्हा तुमच्याकडे ना नाव होतं त्याच्या अडचणीला, ना कुणाची मदत. तरी घंटा दिलीत. मी त्याच माणसाची मुलगी आहे, म्हणून या बाई मला ओळखता आल्या. ही शाळा आणि थेरपी सोडून मला इतक्यात तिथे येववत नाही, बाबा.

त्याच्या दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचा अर्जही केलाय. ‘आयुष्यभराचा शिक्का कशाला?’ असं तुम्ही म्हणालात, ते माझ्या मनात बरेच दिवस होतं. पण शिक्का लोकांनी आधीच मारलाय, कागदाशिवाय. दिव्यांगत्वाची 40 टक्के किंवा जास्त नोंद झाली तर 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. निरामय योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. दहावीला जादा वेळ मिळेल. आमच्यानंतर त्याचं कसं, हा विचार रात्री येतो तेव्हा हे कागद थोडे तरी उशाशी असावेत.

आणि आई, ‘मी तुला नोकरी सोड म्हणायला हवं होतं’ हे पुन्हा मनात आणू नकोस. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी 1943 मध्ये अशा मुलांचं वर्णन लिहिलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जगभर आयांनाच दोष देत होते, माया कमी पडली म्हणून. ते चुकीचं ठरलं. लसीचंही तसंच. लसीमुळे मुलं अशी होतात म्हणणारा 1998 चा तो लेख छापणाऱ्या मासिकानंच 2010 मध्ये मागे घेतला. शेजारच्या काकू काही म्हणाल्या तर एवढं सांग. तू त्याची दृष्ट काढतेस ते मला आवडतं, काढत जा. पण तो अंगारेवाला पुन्हा घरात नको.

आता तुमचं. पोळ्यांच्या मावशींशी मी बोललेय, त्या संध्याकाळीही येतील. पैसे मी पाठवते, घासाघीस करू नका. बाबांनी बीपीची गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, आठवेल तेव्हा नाही. आईनं गुडघा दुखत असताना पापड वाळवायला गच्चीवर चढायचं नाही. गॅलरीत वाळव. रात्री जिन्यातला दिवा चालू राहू दे, बिलाची काळजी नको. दर महिन्याला एक शनिवार-रविवार आम्ही येणारच. त्या वेळी कुकर मी लावीन. मागच्या खेपेला शिट्टी होऊ नये म्हणून तू वरणासाठी पातेल्यात तासभर डाळ शिजवत उभी होतीस. ते मी पाहिलं होतं.

गणपतीत आम्ही दहा दिवस राहू. या वर्षी कुणी आलं की मल्हारला आतल्या खोलीत न्यायचं नाही. ‘उशिरा बोलतात काही मुलं’ असंही सांगायचं नाही. आमचा नातू स्वमग्न आहे, एवढंच सांगा. मला कळतंय, तुम्ही त्याला आत नेत होतात ते त्याला कुणी काही बोलू नये म्हणूनच. पण तो आता दारात बसणार आहे, घाटावर जाणार आहे, पाण्यात खडे टाकत तासभर बसणार आहे.

धोतर आणि बंडी घेऊन येतेय. आरतीला तेच घालायचं म्हणतोय. बंडी खांद्यात घट्ट झालीय, तू आत कापड सोडलं असशीलच. कातरी काढून ठेव.

तुमची,
ताई