पहिल्या फेरीच्या आधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरवडा झाला. वसाहतीत सर्वांसाठी आरोग्याचा उपक्रम सुरू करायचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. आहारावरील चार व्याख्याने आणि एक तपासणी शिबिर अशी सुरुवात करावी का, असे तू विचारले आहेस. आमच्या सहा वर्षांच्या कामात काय टिकले आणि काय विरून गेले, हे जुन्या वह्या चाळून पाहावे आणि मगच लिहावे असे वाटले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

माझे मत आधीच सांगतो. व्याख्यानांनी सुरुवात करू नकोस. भाजी खावी, चालावे, मीठ-साखर कमी करावी, हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस मला या सहा वर्षांत क्वचितच भेटला. लोक अडतात ते इतरत्र. चालायला सुरक्षित वाट नसते, सोबत नसते, कामावरून परतेपर्यंत अंगात त्राण उरलेले नसते, आणि घरात एकाचे पथ्य म्हणजे दुसऱ्याची नाराजी असते. या अडचणी भाषणाने सुटत नाहीत. त्या एकेक करून हाताने दूर कराव्या लागतात, आणि शेजारीपाजारी मिळून ते करू शकतात, एवढ्यासाठीच सामुदायिक उपक्रमाचे मोल आहे.

आम्ही पहिल्या वर्षी नेमके तू म्हणतोस तेच केले. पहिल्या व्याख्यानाला सभागृह भरले होते, तिसऱ्याला पुढच्या दोनच रांगा भरल्या. मग वजन-उंचीचे शिबिर घेतले. एक जण काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसरा वहीत लिहायचा. एक काकू चपला हातात घेऊन काट्यावरून खाली उतरल्या, मागे उभ्या असलेल्या रांगेकडे न पाहता दारातून निघून गेल्या आणि पुढे वर्षभर आमच्या कोणत्याही कार्यक्रमाला फिरकल्या नाहीत. तो आकडा मीच वाचला होता. त्यानंतर आम्ही वजन जाहीरपणे मोजणे कायमचे बंद केले. ज्याला मोजायचे असेल त्याने आडोशाला, स्वतःपुरते मोजावे. वजनावरून माणसाला चारचौघांत ओशाळे करणारा उपक्रम ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच आधी गमावतो, हे कृपा करून पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेव.

स्वयंपाकाच्या बाबतीत आम्हाला वाट सापडली ती मिठापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचाही भरू नये. हे सांगून काही होत नाही, म्हणून एका संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण एका टेबलाभोवती बसलो. प्रत्येकापुढे एक कोरा कागद, मध्ये मिठाचे भांडे आणि एक लहान वजनकाटा. घरात दिवसभरात पडते तेवढे मीठ प्रत्येकाने हाताच्या अंदाजाने कागदावर काढायचे, ते तोलायचे आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागायचे. वर्षानुवर्षे घरचा स्वयंपाक करणाऱ्या एका आजोबांचे मीठ ३६ ग्रॅम भरले. घरात माणसे चार. त्यांनी कागद उचलून पुन्हा काट्यावर ठेवला, आकडा पुन्हा तोच आला, आणि ते बराच वेळ त्या लहानशा ढिगाकडे पाहत राहिले. कोणीही त्यांना उपदेश केला नाही. पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून एक लहान चमचा घेऊन आले आणि आता चिमटीऐवजी याच मापाने मीठ घालतो, असे त्यांनी सर्वांना दाखवले. बंद पाकिटांतल्या खाण्यात दडलेले मीठ या हिशेबात येत नाही, म्हणून त्यानंतरच्या बैठकीत आम्ही पाकिटांवरचा मजकूर वाचायला शिकलो.

घरच्या स्वयंपाकघरात शिरल्याशिवाय असे काम पुढे जात नाही, याचे सर्वांत मोठे उदाहरण फिनलंडचे आहे. त्या देशाच्या पूर्वेकडील नॉर्थ कारेलिया प्रांतात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने इतक्या मोठ्या संख्येने दगावत होते, की १९७१ साली तेथील लोकांनीच सरकारकडे मदतीची मागणी केली आणि १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. डॉक्टरांनी गृहिणींच्या संघटनेला बरोबर घेतले. गावोगावी मेळावे भरू लागले, आणि नेहमीचेच पदार्थ कमी स्निग्ध आणि अधिक भाज्यांसह शिजवून तेथे एकत्र जेवणे होऊ लागली. ज्यांचा शब्द गावात मानला जातो अशा साध्या माणसांना शिकवून तयार केले गेले. लोणी-दुधाचा खप घटल्याने शेतकऱ्यांच्या पोटावर पाय येईल, हेही त्यांनी ओळखले आणि बेरीवर्गीय फळांच्या लागवडीला पाठबळ दिले. हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण दुसऱ्याच्या उपजीविकेचा विचार न करणारी आरोग्यमोहीम समाजाची होऊ शकत नाही. पुढील सुमारे चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्युप्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटले. धूम्रपान कमी होणे आणि उपचार सुधारणे यांचाही त्यात वाटा आहे, तरी आहारातील बदलाचा वाटा मोठाच मानला जातो.

आता चालण्याविषयी. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे, हे आकडे तुला माहीत असतील. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात धरू नये ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत उरलेली नाही, आणि लोकांना हे आवर्जून सांग, कारण ‘एवढ्याशाने काय होणार’ म्हणून कित्येक जण काहीच करत नाहीत. परंतु आकड्यांपेक्षा वार आणि वेळ पक्की असणे महत्त्वाचे आहे. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ सालापासून रविवारी काही रस्ते मोटारींना बंद ठेवण्याची प्रथा पडली. आज तेथे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ या वेळेत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते चालणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे होतात. तुला एवढा रस्ता मिळणार नाही, पण वसाहतीतला एक रस्ता ठरलेल्या दोन तासांसाठी मोकळा करून घेता आला, तरी आईबाप लहान मुलांना निर्धास्तपणे सोडतील.

गटाने चालताना मागे पडणाऱ्याची काळजी कशी घ्यावी, हे मी पार्करनकडून शिकलो. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ धावपटूंनी सुरू केलेला हा ५ किलोमीटरचा साप्ताहिक उपक्रम आता अनेक देशांत चालतो, सर्वांना विनामूल्य असतो आणि त्यात चालत गेले तरी चालते. सर्वांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत असतो, त्यामुळे सहभागी झालेला कोणीही शेवटचा ठरत नाही. आम्ही हे लगेच उचलले. आमच्याकडे मागे चालण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येकाला येते, आणि गुडघेदुखीमुळे फाटकापर्यंतच येणाऱ्या एका आजी त्या सोबतीच्या भरवशावर हळूहळू पूर्ण फेरी करू लागल्या. वाटेत बाक असल्याखेरीज मात्र हे जमले नसते. मार्ग आखताना दर दोन-तीनशे पावलांवर टेकायला जागा आहे का, दिवे आहेत का, पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, हे स्वतः चालून पाहा, आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीबरोबर पुन्हा एकदा पाहा.

तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून अडून राहू नकोस. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. थोडे वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले होते, औषधामुळे ३१ टक्क्यांनी. पुढे तोच कार्यक्रम तेथील वायएमसीए या सेवाभावी संस्थेच्या केंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या कर्मचाऱ्यांकरवी, गटागटाने चालवून पाहिला तेव्हाही सहभागी लोकांचे वजन उतरले. ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा अन्य दुखणे आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच यावे, एवढी खबरदारी मात्र घे.

देणगीबद्दल थोडक्यात. गोड पेये विकणाऱ्यांनी फलकाचा खर्च देऊ केला तर नम्रपणे नाही म्हण.

शेवटी एक गोष्ट, जी मला फार उशिरा सुचली. आम्ही दर आठवड्याला हजेरी मांडत असू, परंतु कोण येत नाही हे कधी लिहिले नाही. तिसऱ्या वर्षी वही घेऊन घरोघर गेलो, तेव्हा कळले की पाळीत काम करणारे, तान्ह्या मुलांच्या आया आणि आजारी माणसाची शुश्रूषा करणारे लोक आमच्या सकाळच्या वेळेमुळेच बाहेर राहिले होते. त्यानंतर संध्याकाळची दुसरी फेरी सुरू केली, मुलांना सांभाळायला दोन जण बसू लागले, आणि गर्दी नव्हे पण माणसे बदलली.

तेव्हा माझी विनंती अशी, की व्याख्यानांचे ठरवण्याआधी वीस-पंचवीस घरांत जा आणि दिवसातला कोणता अर्धा तास त्यांचा स्वतःचा असतो एवढेच विचार. ती यादी आणि वाटेचा हाताने काढलेला नकाशा मला पाठव. पहिल्या फेरीची तारीख ठरली की कळव, मी आदल्या दिवशीच येतो आणि सर्वांच्या मागे चालण्याची पहिली पाळी घेतो. घरच्या सर्वांना माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेही मित्र