रेडिओलॉजिस्ट मॅडम, तुम्ही हाडाच्या आत पाहिलंत म्हणून

आदरणीय मॅडम,

सहा वर्षांची आमची लेक रात्री-अपरात्री कंबर आणि पाय दुखतात म्हणून रडत उठायची. कुणी वाढीचं दुखणं म्हणालं, कुणी लहान मुलांचा संधिवात. स्टिरॉइड सुरू करायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याआधी पाठीचा एमआरआय काढायला सांगितला, म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो.

चकत्या ठीक, मज्जारज्जू ठीक, नस कुठे दबलेली नाही, एवढं लिहून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. विचारलं तेवढंच होतं. तुम्ही आम्हाला आत बोलावून स्क्रीन दाखवलीत. टी-वन नावाच्या एमआरआय चित्रात चरबी पांढरी दिसते, हाडाच्या आतल्या मज्जेत थोडी चरबी असतेच, म्हणून या वयात मणका मधल्या चकतीपेक्षा जरा उजळ दिसायला हवा. आमच्या लेकीचे मणके चकतीहून काळे होते. सगळेच, वरपासून खालपर्यंत, एकसारखे. एखादाच काळा असता तर कुणाच्याही नजरेत भरला असता. सगळेच बदलले की तुलनेला शेजारी चांगलं हाडच उरत नाही, असं तुम्ही बोलता बोलता म्हणालात. तुमची नजर किती तयार आहे, ते मला तेव्हा कळलं.

आमच्यासमोरच तुम्ही बालरोगतज्ज्ञांना फोन लावलात: आजच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पेरिफेरल स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं) करा, मज्जा तपासल्याशिवाय स्टिरॉइड देऊ नका. स्टिरॉइडने मज्जेतल्या रोगट पेशी तात्पुरत्या दबतात आणि निदान लांबतं, हे आम्हाला पुढे परळला, टाटा हॉस्पिटलात समजलं. तिथे कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढली. अ‍ॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग.

तुमच्या टेक्निशियन दादांचेही आभार. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून त्यांनी मला आत तिच्या पायाशी बसू दिलं; आत मोठं चुंबक असतं, म्हणून मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना तेवढ्या आधी काढायला लावल्या. मशीन ठकठक करत होतं तोवर मी तिची पावलं धरून होते. भूल द्यावी लागली नाही.

केमोच्या पहिल्या महिन्यानंतर पुन्हा सुई टोचणार म्हटल्यावर मी तुम्हालाच फोन केला, एमआरआयवर नाही का भागणार? तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. सावरणारी मज्जाही चित्रात आजारी मज्जेसारखी दिसू शकते. दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली आहे का, ते सुईने काढलेल्या मज्जेची एमआरडी तपासणीच सांगणार. आपल्या मशीनला काय जमत नाही हे इतक्या मोकळेपणाने सांगितलंत, म्हणून मी मन घट्ट करून तिला मांडीवर घेऊ शकले.

एमआरडी निगेटिव्ह आली. आता मेंटेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणून दिली जाणारी लांब पल्ल्याची केमो, चालू आहे, रोज सिक्स-एमपीची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. रक्तपेशींचे काउंट बरे असले की तिला तुम्हाला भेटायला घेऊन येते.

तुमची ऋणी,
एक आई, सांगली