पत्त्यावर नाही

चि. बाईस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, सिकलसेलवाल्यांच्या पित्ताच्या पिशवीच्या ऑपरेशनांवरचा थिसिस होत आला. अकरा पेशंट लॉस्ट टू फॉलोअप आहेत, म्हणजे पुन्हा तपासणीला आलेच नाहीत, ते वगळायचे आणि उरलेल्यांचं टेबल करायचं." तांदूळ निवडताना खडा बाजूला टाकावा इतक्या सहज बोललीस. मीही हो म्हटलं. रात्री मात्र डोळा लागला नाही. तुझी आई विचारे, "काहून कुशी बदलून राहिले?" तिला काय सांगू, अकरा पत्रं परत आली म्हणून?

चाळीस वर्षं डाक वाटली मी. 1983 ला लागलो तेव्हा आम्हाला ईडी, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणत (आता त्या शब्दाला मोठमोठे लोक घाबरतात), पुढे ग्रामीण डाकसेवक झालो. नाव बदललं, सायकल तीच राहिली. पत्र परत पाठवायचं तर त्यावर शेरा मारावा लागतो, हे तू लहानपणी माझ्या थैलीतली पाकिटं चाळताना पाहिलंच आहेस. "सापडला नाही" एवढ्यावर भागत नाही. पत्ता अपुरा. घर बंद. गाव सोडून गेले. घेण्यास नकार. मयत. पाच शेरे म्हणजे पाच निरनिराळ्या हकिगती. तुमच्या त्या इंग्रजी शब्दात पाचही एकाच पोत्यात कोंबल्या आहेत.

मोठे बाबांचं ऑपरेशन झालं 2009 साली, तेव्हा तू सहावीत होतीस. किती आठवतं कोण जाणे. एका शहरातल्या खाजगी दवाखान्यात दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढली, चौथ्या दिवशी घरी. प्लास्टिकच्या डबीत खडे दिले होते, तुरीच्या दाण्याएवढे, पिवळट, एकमेकांवर घासून कोपरे गुळगुळीत झालेले. येईल त्याला ते डबी कानाजवळ खुळखुळवून दाखवायचे. दहा-बारा दिवसांनी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे, संडास पांढऱ्या मातीसारखी. मग खाज सुटली. ओसरीच्या सागवानी खांबाला पाठ लावून बैलासारखे घासत उभे राहायचे. मोठ्या आईने खराट्याचे हीर जुडी करून बांधून दिले होते. रात्री ती खरखर आपल्या घरापर्यंत ऐकू यायची. कावीळ उतरवणाऱ्याने गळ्यात माळ घातली. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ गुडघ्याला टेकली, डोळे होते तसेच.

नागपूरला नेलं तेव्हा कळलं. पिशवीची बारीक नळी समजून लिव्हरमधून येणारी मुख्य नळीच कापली गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी आतड्याची एक वेटोळी वर नेऊन लिव्हरच्या नळीला जोडली. दीड एकराची बांधी विकावी लागली, पण माणूस वाचला. आज दोन वेळा भात जेवतात आणि राजकारणावर भांडतात.

आता तू सांग, पहिल्या डॉक्टरच्या वहीत मोठे बाबा कोण आहेत? चौथ्या दिवशी हसत घरी गेलेला पेशंट. त्यांनी त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढली नाही, भांडायलाही नाही. त्या डॉक्टरने कधी हिशेब मांडला असेल, तर मोठे बाबा एक तर बरे झालेल्यांत असतील, नाही तर वगळलेल्यांत. कापलेल्या नळीच्या रकान्यात नक्की नसतील. डॉक्टर खोटारडा होता असं मी म्हणत नाही. त्याला कदाचित आजही ठाऊक नसेल. शेजारच्या खोलीत पेशंटचे नातेवाईक बसून होते तेव्हा तो पुढचं ऑपरेशन करत असेल, आणि तेही चांगलंच झालं असेल.

त्या प्रकरणाने तू डॉक्टर झालीस असं तुझी आई सगळ्यांना सांगते. मला वाटतं तू बारावीच्या मार्कांनी झालीस. पण एम.एस.ला लागल्यावर पहिल्या सुट्टीत तू माझ्या जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिव्हर काढून दाखवलंस, ते पान मी जपून ठेवलं आहे. बर्लिनच्या लांगेनबुखने 1882 मध्ये पहिल्यांदा पिशवी काढली, दुर्बिणीतून जर्मनीतच म्यूहने 1985 मध्ये, आपल्याकडे मुंबईला डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी 1990 मध्ये. मी सालं पाठ केली, डाकघराच्या माणसाला सालं लवकर पाठ होतात. त्याहून जास्त लक्षात राहिलं ते तू पेन आडवं धरून दाखवलेलं. पिशवीचा खालचा भाग लिव्हरपासून सोडवून घ्यायचा, पिशवीत शिरणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, एक नळी, एक रक्तवाहिनी, तोपर्यंत क्लिप लावून कापायचं नाही. स्ट्रासबर्ग नावाच्या अमेरिकन सर्जनने 1995 मध्ये हे मांडलं म्हणालीस. मग हा नियम आला कुठून? नळी कापली गेलेले मोठे बाबांसारखे कितीतरी जण दुसऱ्या दवाखान्यात दुरुस्तीला पोचले, आणि कोणी तरी बसून ते मोजले, त्यांची नळी कुठे, कशी कापली ते लिहून ठेवलं, म्हणूनच ना? ते सगळे पहिल्या डॉक्टरच्या लेखी गायबच होते.

तुझा विषय तर आणखी नाजूक. सिकलसेलवाल्यांच्या पित्ताच्या पिशवीचा. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबडी पेशी 120 दिवस जगायची ती यांच्यात दहा-वीस दिवसांत फुटते, तिचा पिवळा रंग लिव्हरवाटे पित्तात उतरत राहतो, त्याचेच काळे खडे होतात, आणि म्हणून पंधरा-सोळाच्या पोराच्या पोटातही खडे निघतात. हे तू सांगितलंस तेव्हा मला आपल्या भागातले किती तरी चेहरे दिसले. कायमचे किंचित पिवळे डोळे. खडा सरकून नळीत अडकला आणि डोळे जास्त पिवळे झाले, तरी घरच्यांना फरक कळतो का? "याचे तर नेहमीच असतात" म्हणून महिना जातो.

ऑपरेशनच्या आधी रक्त किती द्यायचं, याचा 1995 चाच एक अमेरिकेतला अभ्यास तू सांगितला होतास. बहुतेक रक्त बदलत बसण्याची गरज नाही, हिमोग्लोबिन 10 पर्यंत नेलं तरी तितकंच चालतं, आणि रक्त देण्याने होणारा त्रास जवळजवळ निम्मा. तुला तो परीक्षेचा प्रश्न. मला दिसते ती रक्तपेढीच्या बाकावर बसलेली बाई, जिला एका बाटलीसाठी दोन दिरांच्या विनवण्या कराव्या लागतात.

तर हे अकरा जण. मला त्यांची नावं सांगू नको, मी विचारणारही नाही. दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही हे माझ्याही नोकरीत होतं. पण ते का आले नाहीत याचा अंदाज मी इथे बसून बांधू शकतो.

तुझ्या कागदावर त्यांची फॉलोअपची तारीख कुठल्या महिन्यात पडली ते आधी बघ. जानेवारी ते एप्रिल इकडची अर्धी गावं तेलंगणात मिरची तोडायला जातात, पोराबाळांसकट, घराला कडी घालून. मार्च-एप्रिलला मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलैत धानाची रोवणी. रोवणीच्या आठवड्यात टाके दाखवायला नागपूरला कोण येईल? रोजही बुडतो आणि भाडंही लागतं. दुखत नसेल तर नाहीच येणार. आणि फार दुखत असेल तर जवळ मिळेल त्या दवाखान्यात जाईल. म्हणजे तुझ्याकडे न येणाऱ्यांत अगदी बरेही आहेत आणि अगदी बिघडलेलेही. दोघांना एकाच दोरीने बांधून बाहेर ठेवलंस तर टेबल दिसायला सुंदर होईल.

फोन लागत नाही म्हणालीस. तो नंबर पेशंटचा नसतोच मुळी. ज्या भाच्याने गाडी करून आणलं त्याचा असतो, आणि तो वर्षात तीन सिम बदलतो. पत्त्याचं म्हणशील तर केसपेपरवर सरसकट "मु. पो." लिहितात. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट. दर गावाला पोस्ट नसतं. श्रीराम वेलणकरांनी 1972 साली पिन आणला तोही गावाचा नाही, डाकघराचा. एका पिनखाली पंधरा-वीस गावं असतात. आणि लेकीबाळी आजारपणाला माहेरी येतात, ऑपरेशन माहेरच्या पत्त्यावर होतं, महिन्याने सासरी जातात. तिकडे तिचं आडनाव वेगळं, कधी कधी नावही वेगळं.

पत्र टाक. हसू नको. पोस्टकार्ड मात्र टाकू नको. 50 पैशांचं आहे, पण उघडं असतं. पोस्टमनच्या हातून ते पेशंटच्या हाती जाईपर्यंत पानठेल्यावर चार जणांनी वाचलेलं असतं. त्यावर सिकलसेल असा शब्द असला तर एखाद्या पोरीचं जमलेलं लग्न मोडेल. अशी मोडलेली मी पाहिली आहेत. रजिस्ट्रीही नको म्हणणार होतो, पण ती तशीही 2025 मध्ये स्पीडपोस्टात विरघळली. सही मागणारं पत्र आलं की आपला माणूस कोर्टाची नोटीस समजून मागच्या दाराने शेतावर जातो. साधं अंतर्देशीय घे, अडीच रुपयांचं. आजाराचं नाव लिहू नको. दवाखान्यातून तुमची चौकशी आहे, एवढंच. प्रश्न तीनच: डोळे जास्त पिवळे झाले का, थंडी वाजून ताप आला का, दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं का. वाचता न येणाऱ्यांसाठी गावची आशाताई आहे, पण तिला कळवायचं तर पेशंटची हरकत नाही ना, ते आधी बघ. तुमच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागत असेल तर सरांना सांगून ती आधी काढ. थोडा उशीर होईल. होऊ दे.

सर म्हणतील, इतके वगळले तर चालतात. चालत असतील. आकड्यांचं शास्त्र मला कळत नाही. तरी एक गोष्ट सांगतो, तुझ्या आईलाही ठाऊक नाही. 1994 च्या पावसाळ्यात नाल्याला पूर होता. पलीकडच्या पाड्यावरचं एक पाकीट तीन दिवस थैलीत होतं. चौथ्या दिवशी पाणी उतरलं होतं, तरी मी गेलो नाही, अंग मोडून आलं होतं. "घर बंद" असा शेरा मारून परत केलं. पुढे कळलं, ते त्या पोराच्या नोकरीच्या मुलाखतीचं होतं. घर बंद नव्हतं, त्याची माय दारातच बसलेली असायची. तो आता चाळिशी ओलांडून गेला, बाजारात भेटला की "राम राम पोस्टमन बाबा" म्हणतो, चहा पाजतो. मी पितो.

मंगळवारी एसटीने तांदळाचं पोतं पाठवतो आहे, कंडक्टर ओळखीचा आहे. त्यात वरच वीस अंतर्देशीय ठेवली आहेत. मोठे बाबांनी डबीही देऊ केली होती, "पोरीला दाखवायला होईल" म्हणून. मी म्हटलं, तिच्याकडे बक्कळ आहेत. त्यांना वाईट वाटलं, म्हणून तीही पोत्यात आहे. सांभाळून काढ.

जेवत जा वेळेवर.

तुझे
बाबा

ता. क. परवा तू पेशंटचं नाव न सांगता एक पत्ता वाचून दाखवलास, गावाच्या नावापुढे "माल" असलेला. एकाच नावाची गावं वेगळी ओळखायला इकडे असे शब्द जोडतात. त्या नावाचं त्या तालुक्यात एक "चक" आहे आणि एक "तुकूम". माल म्हटलेल्या गावात सगळी बागायती घरं, मिरचीला कोणी जात नाही. तुझ्या पेशंटने तोडणीला गेल्याचं भरतीच्या वेळी सांगितलं होतं ना? मिरचीच्या गाड्या तुकूमला भरतात. पहिलं पत्र तिथे टाक.