क्रूझच्या जाहिरातीत पूर्ण रक्कम छापली जावी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या रविवारच्या अंकात क्रूझ सहलींच्या अर्ध्या-अर्ध्या पानाच्या जाहिराती येऊ लागतात. पांढरेशुभ्र जहाज, निळे पाणी आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘माणशी फक्त’ असे म्हणून छापलेला एक आकडा. गेल्या वर्षी अशाच एका जाहिरातीवरून आम्ही तिघांनी, म्हणजे मी, माझे यजमान आणि माझ्या नणंदबाई यांनी, सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत ही बंदरे करून परत सिंगापूरला येणारी चार रात्रींची क्रूझ केली. एकतीस वर्षे सहकारी बँकेत नोकरी केल्यामुळे रोजचा खर्च रोज वहीत उतरवायची सवय मला आहे आणि ती वही समोर ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. सहल सुंदर झाली, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण विमानाचे भाडे बाजूला ठेवले तरी, आणि आम्ही हात आखडता ठेवूनसुद्धा, झालेला खर्च जाहिरातीतल्या आकड्याच्या सव्वापटीहून अधिक निघाला. फंडाच्या पैशांतून आयुष्यात एकदा अशी हौस करणाऱ्या माझ्यासारख्या वाचकांना त्यातले कोणते पैसे वाचवता येतात आणि कोणते वाचवू नयेत, हे पैसे भरण्याआधी कळावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

क्रूझचे भाडे हॉटेलच्या मानाने स्वस्त दिसते, याला कारण आहे. खोली रिकामी ठेवून जहाज निघाले तरी इंधन आणि कर्मचारी तेवढेच लागतात, त्यामुळे भाडे उतरवून का होईना खोली भरणे कंपनीला परवडते, आणि पुढची कमाई ती मद्य, कॅसिनो, स्पा, छायाचित्रे, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली यांतून करते. जहाजावर चढताना प्रत्येकाला एक प्लास्टिकचे कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली आणि तेच पैशाचे पाकीट. रोख रक्कम हातातून जात नसल्याने खर्च झाल्याचे मनाला जाणवतच नाही. आमच्या जहाजावर सगळा हिशेब अमेरिकी डॉलरमध्ये होता, आणि ‘साडेचार’ हा आकडा पाण्याच्या बाटलीच्या गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीवर वाचला तर तो डोळ्यांना लहानच वाटतो. ती बाटली खोलीतल्या टेबलावर दोन पेल्यांच्या मधोमध अशी मांडून ठेवलेली होती की नणंदबाईंना ती पाहुणचाराची वाटली, आणि त्यांनी ती उघडली. त्या एका बाटलीचे जवळजवळ चारशे रुपये पहिल्याच संध्याकाळी आमच्या नावावर पडले. वरच्या मजल्यावरच्या बुफेत पाणी, चहा आणि कॉफी दिवसभर मोफत होती, हे आम्हाला त्यानंतर समजले. खोलीतल्या दूरचित्रवाणीवर आपले खाते रोज पाहता येते. आम्ही मग रोज रात्री ते पाहत गेलो, आणि तेव्हापासून एकही अनवधानाचा खर्च झाला नाही.

खरी बचत मात्र घर सोडण्यापूर्वीच होते. खोलीचे दर दोघांनी मिळून राहण्याच्या हिशेबाने ठरलेले असतात. नणंदबाई एकट्या आहेत. त्यांना स्वतंत्र खोलीसाठी जवळजवळ दुप्पट भाडे सांगण्यात आले. तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला त्याच खोलीत बरेच कमी भाडे पडते, ही माहिती टूर कंपनीच्या प्रतिनिधीने आपणहून दिली नाही. आम्ही खोदून विचारल्यावर ती बाहेर आली. आम्ही तीन खाटांची, खिडकी नसलेली आतली खोली घेतली. झोपण्यापुरतेच खोलीत जायचे असेल आणि समुद्र डेकवरून मनसोक्त पाहायचा असेल, तर बाल्कनीसाठी पैसे मोजण्याचे मला कारण दिसत नाही. तारखांचेही तसेच आहे. नाताळ आणि शाळांच्या सुट्ट्या टाळून निघणाऱ्याला तीच खोली कमी भाड्यात मिळू शकते, आणि निवृत्त माणसाला सुट्टीचे बंधन नसते.

आता टिपांविषयी. परदेशी जहाजांवर कर्मचाऱ्यांच्या टिपा म्हणून माणशी दर दिवशी ठरावीक रक्कम आपोआप खात्यावर चढते. अनेक मोठ्या कंपन्यांत ती साधारण १६ ते २० डॉलर असते. आमच्या जहाजावर ती १८ डॉलर होती. तिघांचे चार रात्रींचे २१६ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अठरा हजार रुपयांहून अधिक झाले, आणि ही रक्कम जाहिरातीत तर नव्हतीच, पावतीवरही नव्हती. काही जहाजांवर स्वागतकक्षात जाऊन ही टिप कमी करून घेता येते, किंवा पूर्ण काढूनही टाकता येते. आमच्या गटातील काही जणांनी तसे केले आणि इतरांनाही तसे करण्याचा सल्ला दिला. मला हे मान्य नाही. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा गोव्याचा, सासष्टीचा होता. आमचे मराठी ऐकून तो कोकणीत बोलू लागला आणि पहिल्याच जेवणात विचारून त्याने नणंदबाईंच्या एकादशीची नोंद घेतली. त्या दिवशी दही, फळे आणि उकडलेले बटाटे त्याने न सांगता समोर आणून ठेवले. सात-आठ महिने घरापासून दूर, सुट्टीच्या वाराशिवाय राबणाऱ्या या मुलांच्या मिळकतीचा मोठा हिस्सा या टिपांतूनच येतो. हे पैसे वाचवायचे नसतात, ते आधीच अंदाजपत्रकात धरायचे असतात. ती रक्कम आम्हाला आधी सांगितली गेली नाही, हा दोष विकणाऱ्याचा आहे. त्याची भरपाई वाढणाऱ्या मुलाच्या खिशातून करणे योग्य नव्हे.

मद्याच्या पॅकेजविषयी, म्हणजे आधी ठरावीक रक्कम भरून हवे तेवढे पिण्याच्या सोयीविषयी, थोडक्यात सांगते. पुष्कळ कंपन्यांचा नियम असा की खोलीतल्या एका प्रौढ माणसाने ते घेतले तर त्याच खोलीतल्या इतर प्रौढांनाही ते घ्यावे लागते, आणि त्याच्या किमतीवर सेवाशुल्क वेगळे लागते. रोज पाच-सहा पेले पिणाऱ्यालाच ते परवडत असेल. इंटरनेटशिवाय चार दिवस आमचे काही अडले नाही. मात्र मोबाइलबाबत फार सावध राहावे. किनारा दूर गेला की जहाजाचे स्वतःचे, उपग्रहावरून चालणारे नेटवर्क फोनला सापडते, आणि आपण घेतलेले सिंगापूर-मलेशियाचे रोमिंग पॅक त्याला बहुधा लागू होत नाही. फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकायला विसरलेल्या आमच्या एका सहप्रवाशांना घरी परतल्यावर आलेले बिल त्यांच्या सिंगापूरच्या हॉटेलच्या बिलापेक्षा मोठे होते.

माझे माहेर वेंगुर्ल्याचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जाताना आई दशम्यांबरोबर आलेपाक आठवणीने बांधून घेई, कारण मला बोट लागत असे. या वेळीही आलेपाकाची पुडी आणि डॉक्टरांना विचारून घेतलेल्या उलटीच्या गोळ्या मी घरूनच नेल्या होत्या. जहाजावरच्या दवाखान्यात नुसत्या तपासणीचे शुल्कही डॉलरमध्ये असते, म्हणून नेहमीची सगळी औषधे पुरेशी न्यावीत, आणि समुद्रप्रवास धरून असलेला विमा काढल्याशिवाय ज्येष्ठांनी निघूच नये. विम्यात काटकसर करू नये, हे मी बँकेतल्या अनुभवावरूनही सांगते.

घर सोडल्यानंतरची सर्वांत मोठी बचत आम्हाला पेनांगला झाली, आणि तिथेच सर्वाधिक आनंदही मिळाला. जहाजावरून विकली जाणारी अर्ध्या दिवसाची सहल तिघांना मिळून दोनशे डॉलरच्या घरात जात होती. पण पेनांगचा स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाउन शहराला अगदी लागून आहे. २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेले ते जुने शहर बंदराच्या फाटकातून बाहेर पडल्यावर पायीच सुरू होते. काही मिनिटांवर कॉर्नवॉलिस किल्ला, पुढे समुद्रात खांबांवर उभी असलेली चिनी कुटुंबांची लाकडी वस्ती, आणि आत ‘लिटल इंडिया’त १८३३ सालचे महामारिअम्मन मंदिर. मंदिरापाशी फुलांच्या दुकानात मोगऱ्याचे गजरे टांगलेले होते आणि शेजारच्या खाणावळीत केळीच्या पानावर भात, सांबार आणि दोन भाज्या वाढत होते. तिघांचे पोटभर जेवण झाले ते जहाजावरच्या दोन शीतपेयांच्या पैशांत. शहराच्या मध्यभागातून ‘कॅट’ नावाची मोफत बस फिरते. पाय दुखू लागल्यावर तिने आम्ही परत धक्क्याजवळ आलो. फाटकाबाहेर टॅक्सीवाले गराडा घालतात; त्यांना नम्रपणे नकार देऊन शंभर पावले पुढे जायचे, एवढेच त्यात कौशल्य आहे. बंदर गावापासून किती दूर आहे, हे मात्र नकाशावर आधी पाहून ठेवले पाहिजे. मलेशियाचेच क्लांग बंदर क्वालालंपूरपासून इतके लांब आहे की तिथे पायी फिरण्याचा हा उपाय चालणार नाही आणि कदाचित जहाजाचीच सहल सोयीची ठरेल.

फुकेतला जहाज पातोंगच्या खाडीत नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. वेंगुर्ल्याला बोटीतून पडावात उतरायचो, त्याची मला आठवण झाली. या बोटींच्या फेऱ्यांना लागणारा वेळ परतीच्या हिशेबात धरावा लागतो. शिवाय थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असते आणि आमच्या जहाजाने सिंगापूरचीच वेळ कायम ठेवली होती. मोबाइलवरचे घड्याळ आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागते, त्यामुळे त्यावर विसंबलेला माणूस एक तास उशिरा धक्क्यावर पोहोचेल. जहाजाने नेलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर उतरलेल्यांसाठी ते थांबत नाही, आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. यजमानांनी मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवले आणि आम्ही दोन तास राखून परतलो.

पैशांच्या व्यवहारातल्या दोन गोष्टी. किनाऱ्यावर कार्डाने पैसे देताना यंत्रावर ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असा प्रश्न येतो, तेव्हा स्थानिक चलन निवडावे, कारण रुपये निवडले की दुकानदाराच्या यंत्राचा चढा दर लागतो. दुसरी गोष्ट टीसीएसची, म्हणजे विकणाऱ्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायच्या कराची. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टूर कंपनी ही रक्कम आपल्याकडून गोळा करून आपल्या पॅनवर सरकारकडे भरते. तो जादा कर नव्हे. विवरणपत्र भरताना ती रक्कम देय करातून वजा होते आणि कर देय नसेल तर परत मिळते. पण उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्रच न भरणारे अनेक ज्येष्ठ नागरिक हे पैसे कायमचे गमावतात. नणंदबाईंनी आयुष्यात प्रथमच विवरणपत्र भरले आणि त्यांची पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली.

हे सगळे प्रवाशाने स्वतः करण्यासारखे आहे. परंतु बंदर शुल्क, जीएसटी आणि टिपा या तीन रकमा प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला येतात, कंपनीला त्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असतात, आणि तरीही जाहिरातीत त्यांचा उल्लेख एक तर नसतोच किंवा बारीक टाइपातल्या तारांकित ओळीत दडवलेला असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणारे १३ प्रकार नमूद आहेत. आधी कमी किंमत दाखवून पुढच्या पायऱ्यांवर ती वाढवत नेणे हा त्यांतलाच एक, आणि ही तत्त्वे जाहिरातदारांनाही लागू आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याचा असा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलात आल्यावर अनेक मोठ्या क्रूझ कंपन्यांनी तिथे कर आणि बंदर शुल्क धरूनच भाडे दाखवायला सुरुवात केली. म्हणजे हे करणे शक्य आहे. तेथे जे होते, ते आपल्याकडच्या ग्राहकासाठीही व्हावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. फसवणूक झाल्यास ग्राहकांनी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवावी. पण तक्रारीची वेळ पैसे गेल्यानंतर येते. आपल्यासारख्या वृत्तपत्राने क्रूझची जाहिरात स्वीकारताना या तीन रकमा धरून होणारे एकूण भाडे भाड्याच्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याचा आग्रह धरला, तर पैसे जाण्याआधीच वाचकाचे रक्षण होईल. आपल्या जाहिरात विभागाने याचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

नणंदबाईंच्या भजनी मंडळातल्या सहा जणी येत्या फेब्रुवारीत हीच क्रूझ करायचे ठरवत आहेत. जाहिरातीचे कात्रण घेऊन त्या परवा आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मी माझ्या वहीतल्या त्या पाच दिवसांच्या पानांची झेरॉक्स काढून दिली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)