सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दुरुस्त करू नका, तिच्यावर थेट क्वेरी चालवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी खात्यांची आकडेवारी आता बऱ्याच ठिकाणी सीएसव्ही फाइलीत (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) मिळू लागली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती फाइल हाती आली की बहुतेक जण ती एक्सेलमध्ये उघडतात, जराशी नीटनेटकी करतात आणि सेव्ह करतात. घोळ तिथेच होतो. एक्सेल पंधरा अंकांपुढचे सगळे अंक शून्य करून टाकते, कोडच्या सुरुवातीचे शून्य गाळते, आणि साध्या सीएसव्ही प्रकारात सेव्ह केले तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. ती नावे त्या फाइलीतून पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की मूळ फाइलीला हात लावू नये आणि डेटाबेसमधून तिच्यावर थेट क्वेरी (माहिती मागणारी आज्ञा) चालवावी. ही सोय मोफत आहे. पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस वापरणाऱ्यांच्या तर ती दाराशीच आहे, तरी आपल्याकडे फार थोडे लोक ती वापरतात.

पोस्टग्रेसच्या ९.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, 'फाइल_एफडीडब्ल्यू' नावाचे एक्स्टेन्शन (जोड भाग) सोबत येते. उबुंटूवर ते सर्व्हरच्या पॅकेजमध्येच असते, रेडहॅट प्रकारच्या लिनक्सवर 'कॉन्ट्रिब' पॅकेज वेगळे टाकावे लागते. सुपरयूजरने (डेटाबेसचे सर्व अधिकार असलेल्या यूजरने) 'क्रिएट एक्स्टेन्शन' चालवायचे, मग 'क्रिएट सर्व्हर'ने नावापुरता एक सर्व्हर करायचा, आणि 'क्रिएट फॉरेन टेबल'मध्ये कॉलम लिहून ऑप्शनमध्ये फाइलीचा पूर्ण पाथ, फॉरमॅट आणि हेडर द्यायचे. एवढे झाले की ती फाइल टेबलासारखी सिलेक्ट करता येते, दुसऱ्या टेबलाशी जोडता येते. तिच्यात लिहिता मात्र येत नाही, आणि आम्हाला तर हाच तिचा मोठा गुण वाटतो.

पहिली अडचण परवानगीची येते. फाइल सर्व्हरच्या मशीनवर असावी लागते, आणि ती वाचतो पोस्टग्रेसचा स्वतःचा यूजर, तुम्ही नव्हे. घरच्या फोल्डरमधली फाइल तुम्हाला दिसते, पण त्या यूजरला त्या फोल्डरमध्ये शिरताच येत नाही, म्हणून 'परमिशन डिनाइड' येते. फाइलींसाठी वेगळा फोल्डर करून त्या यूजरला वाचायची मुभा द्यावी. पाथ चुकला असला तरी टेबल बिनतक्रार तयार होते, एरर पहिल्या क्वेरीलाच येतो. म्हणून टेबल केल्याबरोबर दहा ओळी काढून पाहाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. फॉरेन टेबलातले सगळे कॉलम टेक्स्ट ठेवावेत आणि तारखा, रकमा यांचे रूपांतर वर एक व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) करून त्यात करावे. याचे कारण तारखेवरून चटकन कळते. फाइलीत ०५/०३/२०२४ आहे आणि कॉलम डेट प्रकारचा आहे असे धरा. क्वेरी चालते तेव्हाच फाइल वाचली जाते, त्यामुळे अर्थ लावला जातो त्या सेशनच्या (त्या वेळच्या जोडणीच्या) डेटस्टाइलप्रमाणे, म्हणजे तारखेचा क्रम ठरवणाऱ्या सेटिंगप्रमाणे. एकाच्या सेशनला तो ५ मार्च ठरतो, दुसऱ्याच्या सेशनला ३ मे. फाइल तीच, टेबल तेच, उत्तरे दोन. १३ तारखेपासूनच्या ओळींवर एरर तरी येतो, महिन्याच्या पहिल्या बारा तारखा निमूट उलट्या होतात. व्ह्यूमध्ये टू_डेट वापरून 'दिवस, महिना, वर्ष' हा क्रम लिहून टाकला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

रकमांचेही तसेच. निवडणूक रोख्यांची माहिती निवडणूक आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ती पीडीएफमध्ये होती आणि रकमा १,००,००,००० अशा स्वल्पविरामांसह होत्या. अनेकांनी तिच्या सीएसव्ही केल्या. असा आकडा न्यूमेरिक कॉलमला चालत नाही, व्ह्यूमध्ये रिप्लेस वापरून स्वल्पविराम काढावे लागतात. खरेदी आणि वटवणूक या दोन्ही याद्या फॉरेन टेबल म्हणून ठेवल्या की त्या एकाच जॉइनमध्ये जुळवता येतात. तिथे रोख्याचा क्रमांक आणि त्याआधीची अक्षरे, दोन्ही जुळवावीत. आपल्याकडच्या फाइलींत आकडे देवनागरीतही असतात. पोस्टग्रेस '१२५०' ला संख्या मानत नाही, म्हणून ट्रान्सलेट वापरून दहाही अंक आधी इंग्रजी अंकांत न्यावे लागतात.

गावांच्या नावांत आणखी एक खोच आहे. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो, एकदा नुक्तावाल्या ऱ ने आणि एकदा साध्या र नंतर न दिसणारा जोडणारा कॅरॅक्टर टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण 'बरोबर' या चिन्हाने तुलना केली की जुळत नाहीत. नॉर्मलाइझ हे फंक्शनही यांना एक करत नाही. तिथे रिप्लेसच करावे, आणि शक्य असेल तिथे नावाऐवजी जनगणनेच्या गाव कोडवर जोडावे.

अवतरणचिन्हाचा बिघाड त्याहून वाईट, कारण तो एररशिवाय होतो. पाणीपुरवठ्याच्या सामानाची यादी घ्या. एका ओळीत '६" पाइप' आहे, बऱ्याच खाली '८" पाइप' आहे, आणि फाइलीत मजकुराला अवतरण लावलेले नाही. पोस्टग्रेस पहिल्या " ला अवतरणाची सुरुवात समजते आणि पुढचे " येईपर्यंतचा सगळा मजकूर, मधल्या साऱ्या ओळींसकट, एकाच रकान्यात कोंबते. पहिल्या ओळीचे आधीचे रकाने आणि शेवटच्या ओळीचे नंतरचे रकाने मिळून संख्या बरोबर भरते, त्यामुळे काहीच कुरकुर होत नाही. मधल्या ओळी बेरजेतून गायब! पारख सोपी आहे. ज्या रकान्यात ओळ तुटायला नको त्यात न्यूलाइन असलेल्या ओळी शोधाव्यात, आणि फाइलीच्या ओळी मोजून त्यातून हेडरची एक वजा करून काउंटशी ताडून पाहाव्यात. फाइल अवतरण वापरतच नसेल तर क्वोट ऑप्शनमध्ये कधीही न येणारा एखादा कंट्रोल कॅरॅक्टर द्यावा. अवतरणही आहे आणि आतले इंचाचे चिन्हही दुहेरी केलेले नाही, अशी फाइल असेल तर ती पाठवणाऱ्याकडे परत करावी.

कॉलम नावाने नाही, क्रमाने जुळतात, हेही ध्यानात ठेवावे. पुढच्या महिन्याच्या फाइलीत मंजूर रक्कम आणि खर्च यांची अदलाबदल झाली तर कोणालाच कळणार नाही. १५ व्या आवृत्तीपासून हेडरला 'मॅच' देता येते, मग नावे जुळली नाहीत तर क्वेरी थांबते. नावे अगदी सारखी दिसत असूनही पहिल्याच कॉलमवर ती थांबली, तर फाइलीच्या सुरुवातीला बीओएमचे (एन्कोडिंग सांगणाऱ्या, न दिसणाऱ्या खुणेचे) तीन बाइट आहेत असे समजावे. एक्सेलचा 'यूटीएफ-८ सीएसव्ही' ते घालतो. १० व्या आवृत्तीपासून फाइलनेमऐवजी 'प्रोग्रॅम' ऑप्शन (आज्ञा चालवून तिचे आउटपुट वाचणारा) मिळतो, त्यात टेल ही आज्ञा चौथ्या बाइटपासून वाचायला लावली की झाले. जीझिपने आकार लहान केलेली फाइलही याच वाटेने वाचता येते. मात्र ती आज्ञा सर्व्हरच्या यूजरच्या हक्काने चालते, तेव्हा हा अधिकार सरसकट देऊ नये.

१८ व्या आवृत्तीत 'ऑन_एरर इग्नोर' आले आहे. रूपांतर न झालेल्या ओळी त्याने वगळल्या जातात. लोकांसमोर मांडायच्या आकड्यांसाठी ते वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. किती ओळी वगळल्या याची नोटीस येते, पण ती कोणी वाचत नाही.

वेगाचे म्हणाल, तर इथे इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसतो, दर क्वेरीला फाइल पहिल्यापासून वाचली जाते. वीस-पंचवीस हजार ओळींना ते जाणवतही नाही. लाखो ओळी असतील आणि दिवसभर विचारपूस चालणार असेल, तर व्ह्यू मटेरिअलाइझ्ड (निकाल साठवून ठेवणारा) करून त्यावर इंडेक्स घालावा आणि फाइल बदलली की रिफ्रेश करावे. फॉरेन टेबलाला ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल) हात लावत नाही, अनालाइझ (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) स्वतः चालवावे लागते. नवी फाइल जुन्या नावावर थेट उतरवू नये, नाहीतर अर्धवट फाइल वाचली जाते. त्याच डिस्कवर दुसऱ्या नावाने उतरवून मग नाव बदलावे.

ज्यांना सर्व्हरच नको, लॅपटॉपवर एकट्याने काम आहे, त्यांनी डकडीबी घ्यावे. ते सीएसव्ही थेट वाचते आणि कॉलमचे प्रकार स्वतः ओळखते. तो अंदाज सुरुवातीच्या काही हजार ओळींवरून बांधलेला असतो, तेव्हा तिथेही 'ऑल_व्हारचार' लावून सगळे टेक्स्टच घ्यावे.

आकडेवारी प्रसिद्ध करणाऱ्या कार्यालयांकडे आपल्या दैनिकातून एवढीच विनंती पोहोचवावी: पीडीएफऐवजी यूटीएफ-८ मधली सीएसव्ही द्यावी, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहावी, रकमेत स्वल्पविराम घालू नयेत, गावाच्या नावाशेजारी कोडचा रकाना ठेवावा, आणि कॉलमची नावे व क्रम बदलायचे असतील तर महिनाभर आधी तसे जाहीर करावे.

आपले,
डेटाबेस व्यवस्थापनाचे काम करणारे काही वाचक, पुणे