मोडकी कार सीट भंगारात देऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

साताऱ्याच्या न्यायालयात मी बावीस वर्षं मुद्देमाल सांभाळला. कोयत्यापासून चोरीच्या घागरीपर्यंत सगळ्याला सुतळी, चिठ्ठी आणि लाख. ही खोड घरच्याच कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

दिवाळीत लेक, जावई आणि अडीच वर्षांची नात पुण्याहून येत होते. पाचवडच्या अलीकडे पुढच्या टेम्पोनं एकदम ब्रेक मारला. जावयानं गाडी आवरली, तरी टेकलीच. मोठ्यांना खरचटलंही नाही. मागच्या बाजूला कार सीटमध्ये बांधलेली नात मात्र सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. हासळीचं हाड मोडलं, भुवईवर पाच टाके पडले. पट्टा आपणच नीट लावला नसेल, या विचारानं जावई खचला. लेक आठवडाभर त्याच्याशी धड बोलत नव्हती.

"आप्पा, ती अवदसा आधी भंगारात घाला," असं ती म्हणाली. मी सीट मांडीवर घेऊन खटका लावून पाहिला. टक्‌ वाजतं, बक्कल बसल्यासारखं दिसतं. पण हिसका दिला की डावी क्लिप अलगद हातात. तीनदा लावली, दोनदा निघाली. मग हात आखडता घेतला. मुद्देमालाशी खेळत बसायचं नसतं. जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळी बांधून, तारखेची चिठ्ठी लावून ती माळ्यावर ठेवली. बुडाखालच्या लेबलचा, म्हणजे मॉडेल, बॅच, बनवल्याचा महिना यांचा फोटो काढला. बिल त्या गुळगुळीत कागदावरचं, निम्मं उडालेलं. त्याच दिवशी झेरॉक्स काढून आणली.

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं : पट्टा चुकीचा लावला असावा. वस्तूचा गैरवापर झाला असेल तर कायदा उत्पादकाला सोडतो, म्हणून हे उत्तर ठरलेलंच असतं. पण शिरवळला चहाला थांबले तेव्हा लेकीनं आजीला फोटो पाठवला होता. नात भडंग खातेय आणि दोन्ही पट्टे जागच्या जागी दिसतायत. वकीलबाईंना त्या फोटोचा जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या सगळ्या कागदांचा झाला नाही.

या वकीलबाई आम्हाला फुकट मिळाल्या, आणि पत्र लिहिण्याचं कारण तेच आहे. दवाखान्याच्या दारात एक गृहस्थ 'भरपाईतले पंचवीस टक्के' मागत होते. आपल्याकडे वकिलाला निकालावर टक्केवारी ठरवताच येत नाही, एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे : विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पाटीखालून मी वर्षानुवर्षं डबा खायला जात होतो. वाटायचं, हे फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी असणार. फोनवर विचारायचं तर 15100.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरणच आहे : बनावटीत दोष, रचनेत दोष, पुरेशा सूचना न देणं, यातलं काहीही इजेला कारण ठरलं तरी भरपाई मागता येते. आयोग कोणता हे मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. त्यामुळे साडेसहा हजारांच्या सीटसाठी जिल्ह्याबाहेर जावं लागलं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फीही नाही. कंपनी कुठलीही असो, आपण राहतो तिथं तक्रार चालते. मुदत मात्र दोन वर्षांची. मूल बरं होईतो, घरातली भांडणं मिटेतो ती कधी सरते कळत नाही.

दुसरा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आहे. धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे, आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांमार्फतही जाते. त्याच बॅचच्या सीटा आणखी कोणाच्या गाडीत असतील, ही धास्ती मला रात्री जास्त छळते.

मूल न बांधता गाडीत बसवलं तर हजार रुपये दंड, हे योग्यच. नातीसाठी आम्ही दुसरी सीट घेतलीच. पण बांधूनही मूल सुटलं तर कोणाकडे जायचं, हे अपघात विभागाच्या भिंतीवर कुठं लिहिलेलं नाही. विम्याचे सर्व्हेअर आले, त्यांनी बोनेटचे बारा फोटो काढले. सीटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिल्ह्यातल्या रुग्णालयांनी आणि पोलीस ठाण्यांनी दोन ओळींची पाटी लावावी : सीट फेकू नका, मुलासाठी वकील मोफत आहे.

सीट मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावी, असा आमचा अर्ज आहे. पुढच्या तारखेला माळ्यावरचं गाठोडं खाली काढायचंय. लाख मी आणून ठेवली आहे.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा